‘पोर बदलून आणली तुम्ही’: खाण्याच्या आजारासाठी बेंगळुरूत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांबद्दल

आधी मत सांगते, कारणं मागाहून. खाण्याच्या आजारासाठी, म्हणजे ईटिंग डिसऑर्डरसाठी, वॉर्डात दाखल करून घेऊन जो मानसोपचार करतात, तो आमच्या धाकटीला बेंगळुरूच्या एका खासगी रुग्णालयात मिळाला. पैसे गेले, तिचं कॉलेजचं वर्ष गेलं, आमचे हेलपाटे झाले, तरी तो घेण्यासारखा होता. जेवणाची बाजू चांगली सांभाळली. बोलण्याचे उपचार फार चांगले. घरी पाठवतानाची तयारी मात्र कमी पडली. रुग्णालयाचं नाव देत नाही. लेक इथंच बेळगावात शिकते, माझं शहापुरात ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि नाव दिलं की कोणाची पोर ते हुडकायला आमच्या गल्लीला अर्धा दिवस पुरेल. हे तिला विचारून लिहिते आहे. तिनं वाचलंय आणि तिला नको वाटलं ते खोडलंय.

दुकानात ब्लाउज न्यायला येणाऱ्या बायका मला म्हणतात, “तुमची धाकटी बदलली हो.” कुणी कौतुकानं म्हणतं, कुणी जरा नाराजीनं. नणंदबाई तर स्पष्टच बोलल्या, “शहाणी पोर पाठवली होती, भांडणारी घेऊन आलात.” खोली कशी होती, बिल किती आलं, हे विचारणारे थोडे. तिथं माणसाचा स्वभाव बदलतात का, हा प्रश्न मात्र सगळ्यांच्या मनात असतो. ज्यांच्या घरी असं पेशंट आहे त्यांच्या मनात तर भीतीसारखा असतो. मी त्याच प्रश्नाबद्दल जास्त लिहिणार आहे.

ती आजारी होती तेव्हा सगळे तिला शहाणी म्हणत होते, हे आधी समजून घ्या. पहाटे उठून अभ्यास, कपाटातले कपडे रंगाप्रमाणे लावलेले, कधी उलट उत्तर नाही. उपास तर विचारू नका. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार. कपिलेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी रांगेत उभी राहायची, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही, आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, “बघा, आजकालच्या पोरींत अशी श्रद्धा असते का!” खाण्याचा आजार आपल्याकडं उपासाच्या आड असा काही लपतो की घरात डॉक्टर असला तरी पटकन दिसणार नाही. उपास सोडायच्या दिवशी तिचं पोट दुखायचं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कार्यक्रम असायचा.

आणि रांधायची हौस तर एवढी! दूध आटवत तासभर ढवळत कुंदा करायची, मोठ्या वाट्यांतून सगळ्यांना वाढायची, समोर बसून आम्ही कसं खातो ते बघायची. स्वतः चमचा चाटायची नाही. रात्री मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ एकामागून एक. स्वतःच्या ताटातल्या भाकरीचे नखाएवढे तुकडे, तेही मोजून. चिडचिड अशी की पाण्याचा तांब्या जागेवर नसला तरी डोळ्यांत पाणी. मे महिन्यात स्वेटर. केस हातात यायचे. पाळी बंद झाली. मैत्रिणींचे फोन घेणं थांबलं, आणि ते कुणाला खटकलंसुद्धा नाही, कारण अभ्यासू पोरीनं फोन न घेणं चांगलंच मानतात.

आधी पित्ताची औषधं झाली, मग थायरॉइडची तपासणी, मग बायकांच्या डॉक्टर. शेवटी गावातल्याच एका फिजिशियननं नाडी धरली, ईसीजी काढला, रक्तातलं पोटॅशियम बघितलं आणि दार लावून आम्हाला सांगितलं, “हा पोटाचा आजार नाही. मानसोपचार आणि हृदय-रक्ताची देखरेख दोन्ही एका छपराखाली मिळेल अशा ठिकाणी न्या, आणि लवकर न्या.” मानसिक आजारांमध्ये जिवाला सर्वांत जास्त धोका असणाऱ्यांत हा आजार मोडतो, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याला न्यावं की बेंगळुरूला, यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. सासूबाईंना पुणं हवं होतं, भाषेसाठी. पण मोठ्या दिराचं घर बेंगळुरूत आहे, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बेळगावात बसलं की ती सकाळी तिथं पोचवते, आणि धाकटीचं कन्नड चांगलं आहे. म्हणून बेंगळुरू ठरलं.

दाखल होताना सही तिची घेतली, आमची नाही. वय अठराच्या वर असलेल्या माणसानं स्वतःच्या संमतीनं दाखल व्हायचं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. तिला समजावून सांगितलं की तू जाते म्हणालीस तर आम्हाला सोडावं लागेल, फार तर चोवीस तास थांबवून तपासणी करता येईल. हे ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. मलाही धाकधूक होती. पण पुढं मला दिसलं की तिथल्या सगळ्या उपचारांचा पाया त्या सहीत होता. एका संध्याकाळी ती बॅग भरून नर्सच्या टेबलापाशी उभी राहिली. तिला कुणी दटावलं नाही, दार अडवलं नाही. डॉक्टर खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “जायचं तर उद्या सकाळी कागद करू. आज एवढंच सांग, जायचं तुला आहे की तुझ्या भीतीला?” सकाळी तिनं बॅग स्वतः सोडली. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

पहिले दिवस जेवणाचे. ताट बघून माझाच जीव वर आला. इतकं थोडं? मी तर डबे भरून नेले होते. तेव्हा कळलं की फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं उतरतं, आणि त्यात हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये असं झालेलं डॉक्टरांनी पाहिलं होतं. म्हणून सुरुवात थोड्यानं, आधी बी-१ जीवनसत्त्व, रोज रक्त, रोज ईसीजी, आणि मग हळूहळू वाढ. ज्यांना वाटतं की घरी दोन महिने तूप-भात चारला की झालं, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तीन जेवणं आणि मधली तीन खाणी. नर्स समोर बसून स्वतःही जेवायची. “खा गं बाळ” नाही, “बघ इतके लोक उपाशी असतात” नाही. वेळ ठरलेली. ताटात उरलं तर तेवढ्याच पोषणाचं दूध-पावडरचं पेय. जेवण झालं की तासभर सगळ्यांनी मोठ्या खोलीत बसायचं, बाथरूमला जायचं नाही. त्या तासात कॅरम, विणकाम, गाणी. वजन पाठमोरं उभं करून करायचे, आकडा तिला सांगायचे नाहीत. आम्हीही कुणाला सांगत नाही आणि इथंही लिहिणार नाही. असे आकडे वाचून दुसऱ्या आजारी पोरी आपापसांत शर्यत लावतात, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलंय.

याच बाबतीत एक तक्रार. एका नवशिक्या कर्मचाऱ्यानं कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं वजनाचा आकडा वाचला. पोर त्या दिवशी जेवली नाही, तिची शेजारीण तर रडायलाच लागली. मी मुख्य नर्सला सांगितलं, त्यांनी त्याला तिथून हलवलं, पण अशा वॉर्डात माणूस नेमण्याआधी हे शिकवायला नको का?

आता स्वभावाकडे येते. शनिवारी घरच्यांसाठी वर्ग असायचा. तिथं सायकॉलॉजिस्ट मॅडमनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला. युद्ध चालू असताना, १९४४ ते १९४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण निवडले. युद्धात बंदूक धरायला तत्त्वानं नकार देणारे, स्वतःहून आलेले, मनानं आणि शरीरानं धडधाकट पुरुष. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, जवळजवळ पाव वजन उतरेपर्यंत. युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं सावरायचं, ते शिकण्यासाठी. त्या पुरुषांचं काय झालं? ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले. पाककृती जमवायला लागले. घासाचे तुकडे करून जेवण तासभर लांबवायला लागले. थंडी वाजायला लागली. हसणं बंद, मित्र नकोत, क्षुल्लक कारणावरून संताप. आणि भरपेट मिळायला लागल्यावरसुद्धा मन ठिकाणावर यायला कित्येक महिने लागले.

वर्गात मी रडले. कुंद्याची वाटी, रात्रीचे व्हिडिओ, नखाएवढे तुकडे, मे महिन्यातला स्वेटर, तांब्यावरून भांडण: हे सगळं मी पोरीचा स्वभाव म्हणून मनात नोंदवत आले होते, आणि इथं ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पुरुषांना तेच झालं होतं. म्हणजे उपासमार जशी वजन खाते, तशी माणसाची तऱ्हाही बदलते. मॅडम म्हणाल्या, “पहिल्या आठवड्यात तुमच्या मुलीबद्दल ‘ती अशीच आहे’ असं काहीही बोलू नका. आम्हीही बोलत नाही. आधी जेवू दे, मग बघू ती कशी आहे.” एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या ठिकाणाला फार वर मानते.

आणि खरंच, तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिनं मला विचारलं, “वर्षाताईचं लग्न ठरलं का?” म्हणजे मामेबहिणीचं, नाव बदललंय. कित्येक महिन्यांत तिनं दुसऱ्या कुणाबद्दल काही विचारलं नव्हतं. पाककृतींचे व्हिडिओ आपोआप थांबले. कुणी बंद करा म्हणालं नव्हतं.

पण जेवल्यानं सगळं जात नाही. पोट भरल्यावर खाली उरलं ते बोलण्याच्या उपचारांसाठी होतं, आणि त्याला वेळ लागला. आल्यावर आणि निघताना अशी दोनदा एक लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायचे. रॉबर्ट क्लोनिंजर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९९० च्या दशकात केलेली, २४० वाक्यं, प्रत्येकावर बरोबर किंवा चूक. त्यात माणसाच्या वागण्याच्या सात बाजू मोजतात. मॅडमनी मला त्यातल्या तीनच समजावल्या, तेवढ्या पुरेशा आहेत. एक, धोका टाळत राहायची सवय: काही चुकेल, कुणी रागावेल, या भीतीनं आधीच मागं सरणं. दुसरी, आपला लगाम आपल्या हातात असल्याची भावना. तिसरी, चिकाटी. अशा आजारात बहुतेक वेळा पहिली फार जास्त, दुसरी फार कमी, आणि तिसरी जास्त असते. उपचारांनंतर पहिली उतरते, दुसरी चढते, आणि जे पेशंट चांगले सुधारतात त्यांच्यात हा फरक अधिक दिसतो. चिकाटी मात्र बहुतेक आहे तिथंच राहते. मॅडमनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं की पहिली प्रश्नावली उपाशीपोटी भरलेली असते, त्यामुळे सगळा फरक थेरपीनं झाला असं म्हणता येत नाही. असं सांगणारी माणसं मला आवडतात.

कागदावरच्या त्या फरकापेक्षा रोजची कामं सांगते, कारण मला तीच पटली. तिला गृहपाठ म्हणून चुका करायला द्यायचे. वहीचं पान मुद्दाम खाडाखोड करून तसंच ठेवायचं. अंथरूण न आवरता नाश्त्याला जायचं. कॅरममध्ये हरायचं आणि परत डाव मागायचा नाही. दुसरा चहा हवा असेल तर मागायचा. शेजारच्या पोरीनं शाल मागितली आणि द्यायची नसेल तर “नाही” म्हणायचं आणि कारण सांगायचं नाही. हे शेवटचं तिला सगळ्यांत जड गेलं. जेवणाच्या ताटापेक्षाही जड, असं ती म्हणते. प्रत्येक कामाआधी लिहायचं की काय वाईट होईल असं वाटतंय, आणि नंतर लिहायचं की खरंच काय झालं. तिची ती वही तिच्याकडेच आहे, मी वाचलेली नाही, तिनं वाचून दाखवलं तेवढंच मला माहीत.

सायकॉलॉजिस्ट धारवाडकडच्या. पोरीशी कन्नड आणि हिंदी मिसळून बोलायच्या, आमच्याशी हिंदीत. पण सासूबाईंना मराठीशिवाय दुसरं काही येत नाही, आणि घरच्या बैठकीला त्या हव्याच होत्या, कारण घरात कुणी किती खाल्लं, कोण बारीक झालं, कोणाचं अंग सुटलं, हा त्यांचा रोजचा विषय. माझ्या दुकानात तर दिवसभर तेच. मापाची टेप गळ्यात, आणि समोरची बाई आरशात बघून म्हणते, “यंदा दंड जाड झालेत हो, ढिलं ठेवा.” तर बैठकीला वॉर्डातली निपाणीची एक नर्स ड्यूटी संपल्यावर थांबली आणि मराठीतलं कन्नडमध्ये, कन्नडमधलं मराठीत सांगत राहिली. तिचं ते काम नव्हतं. तिला मी घरी आल्यावर साडीचा ब्लाउज शिवून पाठवला.

त्या बैठकीत आमची कधी न बोलणारी पोर म्हणाली, “आजी, माझ्या अंगाबद्दल बोलू नको. वाईट नको आणि चांगलंही नको.” खोलीत एकदम शांतता. आमच्या घरात सासूबाईंना असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. सासूबाई जरा वेळानं म्हणाल्या, “मग काय बोलू मी?” नर्सनं ते कन्नडमध्ये सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “आज दिवसभर काय केलंस, ते विचारा.” सासूबाईंनी तिथंच विचारलं. पोरीनं सांगितलं. घरी आल्यापासून त्या रोज संध्याकाळी तेच विचारतात, आणि आता त्यांनाच उत्तरात रस वाटायला लागलाय.

नणंदबाई म्हणतात ते भांडण म्हणजे हेच. घरी आल्यावर तिनं वडिलांना सांगितलं की बँकेच्या परीक्षांचा क्लास मला नको, कधीच नको होता. ह्यांना राग आला, फी भरलेली होती. येळ्ळूरला एका लग्नात कुणीतरी “आता कसं अंग भरलं, छान दिसतेस” म्हणालं, तर ती शांतपणे म्हणाली, “काकू, दुसरं काहीतरी विचारा ना.” काकूंना ते उद्धट वाटलं. मला विचाराल तर मी त्या वॉर्डाला सर्वांत जास्त गुण याचेच देते. आधीची ‘शहाणी’ पोर सगळ्याला हो म्हणायची, आणि तिचा नकार फक्त ताटात दिसायचा. आता नकार तोंडावाटे येतो, तर ताट तिचं मोकळं झालं. यात कुणाला भांडकुदळपणा दिसत असेल तर दिसो. मला माझी लेक दिसते, आठवी-नववीत असताना भावाशी खिडकीच्या जागेवरून भांडायची ती.

चिकाटी जशीच्या तशी आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर कुणी नवीन माणूस घरी येईल अशी आशा धरून जाईल. दुकानाचा हिशेब ती तीन रंगांच्या पेनांनी लिहिते. साडीचा फॉल लावताना एक टाका वाकडा गेला तर उसवते. मी मॅडमना फोनवर घाबरून विचारलं, हे परत तेच का? त्या म्हणाल्या, “टाका उसवून झाल्यावर ती जेवायला येते का?” येते. “मग फॉल लावू दे तिला.”

आता उणीव. वॉर्डातलं जेवण इडली, उपमा, चपाती, रागी मुद्दे, सांबार. ते ती खायला शिकली. पण आमच्या घरात भीती कशाची होती? गरम भाकरीवरच्या तुपाची, कुंद्याची, हळदीकुंकवाच्या फराळाची, लग्नात वाढतात त्या गोड मांड्यांची. याचा सराव तिथं झालाच नसता. मी स्वतः विचारलं तेव्हा कुठं आहारतज्ज्ञांनी घरचा डबा आणायला परवानगी दिली. दिरांच्या घरी भाकऱ्या थापून नेल्या, बेळगावचा कुंदा नेला, आणि नर्ससमोर तिनं तो खाल्ला. हा भाग प्रत्येक पेशंटच्या गावाप्रमाणे त्यांनीच आखायला हवा. उपासांबद्दलही आम्हीच विषय काढला. तिथं ठरलं की दोन वर्षं एकही उपास नाही. सासूबाईंनी तिच्या वाटच्या संकष्ट्या स्वतःकडं घेतल्या, त्यामुळे देवाचंही राहिलं नाही आणि पोरीला गुन्हेगारासारखंही वाटलं नाही.

कपड्यांचा सल्ला मात्र छान होता. जुने कपडे घरी कपाटात ठेवू नका, नवे आणा, आणि माप घेऊ नका. मी आयुष्यभर माप घेऊन शिवत आले, पण हे कपडे टेप न लावता शिवले. नाड्याच्या सलवारी, बाजूला भरपूर शिलाई सोडलेले कुर्ते, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या नकळत ढिले करता येतील. दुकानातला उभा आरसा तिच्या बसायच्या जागेवरून हलवला. गिऱ्हाइकांना सांगते, माप मी घेते, मत कुणी देऊ नका. बहुतेकींना ते आवडतं, असं दिसतंय.

घरी सोडलं ते मला लवकर वाटलं. खाटेची मागणी होती आणि विम्याचीही मर्यादा. वॉर्डातून बाहेर पडल्यावरचं पहिलं वर्ष आजार परत उलटण्याच्या दृष्टीनं सर्वांत नाजूक असतं, हे त्यांनीच शिकवलं, आणि नेमक्या त्याच काळासाठी त्यांच्याकडं आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, तोही कधी कधी रद्द. दिवाळीच्या फराळात तिचा तोल गेला. शंकरपाळ्या ओढणीत लपवलेल्या मला सापडल्या, तुकडे मोजणं परत सुरू झालं. मॅडमचा कॉल पाच दिवसांनी होता. त्या रात्री तिनंच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावला, मराठीत बोलली, आणि सकाळी स्वतः मला म्हणाली, “आई, जेवताना समोर बस.” लपवलेलं स्वतः सांगणं ही आधीच्या पोरीत नसलेली गोष्ट. म्हणजे थेरपी टिकली होती, आधार मात्र वॉर्डाचा तोकडा पडला. एवढं मोठं काम केल्यावर पहिले सहा महिने तरी आठवड्याला दोन भेटी आणि स्थानिक डॉक्टरला नीट पत्र, एवढं त्यांनी द्यायलाच हवं.

विम्याबद्दल थोडक्यात. कंपनीनं आधी मानसिक आजार म्हणून दावा फेटाळला. २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकाच विमा द्यायला हवा. आमच्या पुतण्यानं ते कलम लिहून लेखी तक्रार केली, मग बराचसा खर्च मिळाला. सगळा नाही. दाखल होण्याआधी पॉलिसीतले दिवस आणि खोलीची मर्यादा वाचून घ्या. खासगी परवडत नसेल तर आमच्या जिल्ह्याला धारवाडची डिमहान्स जवळ आहे आणि बेंगळुरूत निम्हान्स. दोन्ही सरकारी मानसोपचार संस्था.

जाणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावं: खाण्याच्या आजाराचे पेशंट तुमच्याकडं नेहमी असतात की अधूनमधून? रोज रक्त आणि ईसीजी करता का? जेवताना कोण बसतं? वजन पेशंटला सांगता का? घरच्यांच्या बैठका किती, आणि मराठी बोलणारं कुणी आहे का? आमच्यासारखी निपाणीची नर्स सगळ्यांना मिळेलच असं नाही, तेव्हा दुभाषा आधीच मागून ठेवा, घरातल्याच माणसाला करू नका, तो वाक्यं मऊ करून सांगतो. घरी सोडल्यावर किती भेटी, कोणाशी, आणि मध्येच काही झालं तर कुठल्या नंबरवर, हे कागदावर लिहून घ्या. जागा लगेच मिळत नाही. तोवर गावातल्या डॉक्टरांकडं नाडी, रक्तदाब, पोटॅशियम आणि ईसीजी चालू ठेवा, आणि चक्कर आली किंवा छातीत धडधड झाली तर जागेची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.